मोरचूदापासून हिरवे कॉपर कार्बोनेट कसे तयार करावे

तांब्याच्या भांड्यावर दमट हवेत जो हिरवा कळंक चढतो, त्यातील एक प्रमुख घटक म्हणजे बेसिक कॉपर कार्बोनेट. बाजारात ‘कॉपर कार्बोनेट’ म्हणून मिळणारी हिरवी पूडही हीच असते, आणि मॅलाकाइट हे तिचेच खनिज रूप आहे. ती पाण्यात विरघळत नाही. मात्र सौम्य आम्लात फसफसून विरघळते आणि अमोनियाच्या द्रावणात गडद निळा रंग देते.

लागणारे मोरचूद (कॉपर सल्फेट) नागपुरात शोधावे लागत नाही, कारण संत्राबागांतील बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकासाठी ते कृषी केंद्रांत मिळते; शाळेच्या प्रयोगासाठी मात्र प्रयोगशाळेतील शुद्ध मोरचूदच घ्यावे. २५ ग्रॅम मोरचूद २५० मिलिलिटर कोमट ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवावे. दुसऱ्या, चांगल्या मोठ्या चंचूपात्रात १८ ग्रॅम खाण्याचा सोडा तेवढ्याच पाण्यात विरघळवून त्यात मोरचुदाचे द्रावण थोडे थोडे ओतावे. उलट क्रमाने ओतल्यास साक्यात (द्रावणातून वेगळ्या होणाऱ्या घन पदार्थात) बेसिक सल्फेट मिसळण्याचा संभव असतो. कार्बन डायऑक्साइडमुळे फेस भराभर वर येतो, म्हणून घाई करू नये.

प्रथम मिळणारा निळसर, चिकट साका लगेच गाळू नये. गाळणकागद तुंबतो आणि धुणेही नीट होत नाही. मिश्रण सुमारे ६० अंश सेल्सिअसला ठेवून अधूनमधून ढवळत राहिल्यास साका हिरवा, दाणेदार होऊन तळाशी बसतो. ते उकळू मात्र नये, कारण साका विघटित होऊन काळे कॉपर ऑक्साइड तयार होऊ लागते. यानंतर साका गाळून, धुवणाच्या पाण्यात बेरियम क्लोराइडने पांढरेपणा येणे थांबेपर्यंत, म्हणजे सल्फेट निघून जाईपर्यंत, धुवावा. वाळवण्यासाठी नागपूरच्या मे महिन्यात भट्टीची गरज भासत नाही. धूळ बसू नये म्हणून वर कागद झाकून सावलीत ठेवले तरी पुरते. हिशेबाने सुमारे ११ ग्रॅम पूड मिळायला हवी. जास्त भरल्यास ती ओली आहे किंवा धुणे अपुरे राहिले आहे असे समजावे.

हिरवे रंगद्रव्य, मातीच्या भांड्यांवरील काचलेप, आतषबाजीतील निळी ज्योत आणि तांब्याचे इतर क्षार तयार करणे, हे या पुडीचे मुख्य उपयोग आहेत. ती विषारी असल्याने हातमोजे व मुखपट्टी वापरावी, स्वयंपाकाची भांडी घेऊ नयेत, आणि निळसर उरलेले पाणी मोरीत न ओतता त्यात आणखी सोडा घालून उरलेले तांबे आधी साक्याच्या रूपात वेगळे करावे.