मांजर लिटर बॉक्स सोडून गादीवर शू करत होतं, शेवटी काय लागू पडलं

आमची मनी, ४ वर्षांची, नसबंदीचं ऑपरेशन झालेली, अचानक गादीवर आणि पायपुसण्यावर शू करायला लागली, शी मात्र बॉक्समध्येच. शेपटी उभी करून भिंतीवर फवारा नव्हता, नीट बसून डबकं, म्हणजे हे मार्किंग (शू फवारून हद्द आखणं) नव्हे. ओरडून बघितलं (उलट लपून करायला लागली), सुगंधी लिटर (बॉक्समध्ये भरायची वाळू) आणलं, झाकणवाला बॉक्स आणला, फिनाईलने पुसलं, जे मांजरांना विषारी असतं हे नंतर कळलं. दीड महिना चादरी धुऊन जीव मेटाकुटीला आला.

आता क्रम नीट वाचा. सगळ्यात आधी व्हेटकडे लघवी तपासली, मूत्राशयाला सूज होती, बॉक्समध्ये बसलं की दुखतं असं तिच्या डोक्यात बसलेलं. (बोका असेल आणि जोर लावूनही थेंब येत नसेल तर लगेच पळा, मूत्रमार्ग तुंबला तर जिवावर बेततं.) औषध सुरू केल्यावर जुने डाग एन्झाइम क्लीनरने (शूचे डाग-वास मोडून काढणारं द्रावण) काढले, वरवर पुसून नाही, गादीत जितकी शू मुरली तितकं खोल मुरवून आपोआप वाळू दिलं. मग झाकण काढलं, मांजराच्या लांबीच्या दीडपट मोठा बॉक्स, बिनवासाचं बारीक लिटर, ५ सेंमी थर. दुसरा बॉक्स वेगळ्या खोलीत ठेवला, मांजर एक असलं तरी बॉक्स दोन. दिवसातून दोनदा उपसायचं. बेडरूमचं दार ३ आठवडे बंद.

दार उघडून आता २ महिने झाले, गादी कोरडी आहे.