दारातून आत कोण गेलं? केंद्रकाच्या उत्तरात या चुका टाळा

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवतो. ‘त्वचेच्या पेशीत संदेश केंद्रकापर्यंत कसा पोचतो’ असा प्रश्न आला की बहुतेक उत्तरपत्रिकांत एकच आकृती असते. बाहेर एक गोळा, पेशीपटलावर बेचक्यासारखा रिसेप्टर (निरोप पकडणारं प्रथिन), आणि तिथून थेट केंद्रकात घुसलेला लांबच लांब बाण. बाण सुरेख असतो, पण त्या बाणावर बसून आत कोण गेलं, ते कुणी लिहीत नाही. उत्तर अडलं की हा एवढाच प्रश्न स्वतःला विचारा. बहुतेक गाठी तिथेच सुटतात.

बाहेरचा पाहुणा माजघरात नेऊ नका

विळ्याने बोट कापलं, जखम भरू लागली, की ईजीएफ हे छोटं प्रथिन त्वचेच्या पेशींना वाढायला सांगतं. (अशा वाढघटकांच्या शोधासाठी स्टॅन्ले कोहेन आणि रीटा लेव्ही-मोंताल्चिनी यांना १९८६ चं नोबेल मिळालं.) मुलं हा ईजीएफच केंद्रकात नेऊन बसवतात. खरं तर पाहुणा फाटकाशीच निरोप देतो. रिसेप्टरच्या आतल्या शेपटीवर फॉस्फेट चढतं, मग पेशीतल्या रास, राफ, मेक या प्रथिनांत हातोहात निरोपाची देवाणघेवाण होते आणि शेवटी ईआरके हे प्रथिन केंद्रकात जाऊन जनुकं चालू करणाऱ्या प्रथिनांवर फॉस्फेट चढवतं. काही जण रासपासूनची अख्खी वरात आत नेतात. तसं करू नका.

रिसेप्टर नेहमी पेशीपटलावरच असतो, हे डोक्यातून काढा

ही चूक वहीत राहिली तर दोन गुण जातात, पण गावात ती जास्त महाग पडते. डवरणीच्या दिवसांत ओल्या कपड्यांनी वावरात राबलं की जांघेत, कमरेला गजकर्ण उठतं. एका पोराने वर्गातच विचारलं, “सर, ते मलम लावलं का दोन दिवसात खाज जाते, मंग डॉक्टर नाही काहून म्हणते?”

त्या मलमात बहुतेक वेळा स्टेरॉइड असतं. नळीवर क्लोबेटासोल किंवा बेटामेथासोन असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. स्टेरॉइड स्निग्धात विरघळतं, त्यामुळे पेशीपटल त्याला अडवत नाही. त्याचा रिसेप्टर आत पेशीद्रव्यात, हीट शॉक प्रथिनांच्या (इतर प्रथिनांना सांभाळणाऱ्या प्रथिनांच्या) पहाऱ्यात बसलेला असतो. स्टेरॉइड चिकटलं की तो जागचा हलतो आणि अर्ध्या-एक तासात केंद्रकात पोचतो. तिथे तो सूज-खाज आणणाऱ्या जनुकांचा आवाज दाबतो. खाज गेली, पण गजकर्णाची बुरशी जिवंत आहे. अंगाचा राखणदारच झोपवला, तर रानडुकरांना वावर मोकळंच. चट्टा पसरतो, त्याची ओळखीची गोल कडा पुसट होते आणि डॉक्टरलाही तो पटकन ओळखू येत नाही. शिवाय त्वचेच्या आतल्या थरातल्या पेशी कोलॅजन (कातडीला बळकटी देणारं प्रथिन) कमी बनवतात, म्हणून कातडी पातळ होते.

हे मी शिकवतो, तरी एका पावसाळ्यात मीही दुकानातून आणलेली तसली नळी सहा आठवडे घासली होती. २०१८ पासून अशी चौदा स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, असा केंद्र सरकारचा नियम आहे. नळी घरात असेलच तर ती सोबत घेऊन त्वचेच्या डॉक्टरकडे जा. आधी काय लावलं ते लपवू नका.

अ जीवनसत्त्वापासून बनणाऱ्या रेटिनॉइक आम्लाचा रिसेप्टर तर आधीपासूनच केंद्रकात बसलेला असतो. म्हणजे तिथे आत जातो तो खुद्द पाहुणाच.

दाराचं वर्णन गाळू नका

केंद्रकपटलाला हजारो छिद्रं असतात. साधारण ४० किलोडाल्टनपर्यंतचे (हे रेणूच्या वजनाचं एकक) रेणू त्यातून सहज झिरपतात. त्याहून मोठ्यांना वाहक लागतो. प्रथिनाच्या साखळीतच कुठे जायचं त्याचा पत्ता लिहिलेला असतो. पेशीतल्या अशा पत्त्यांच्या कामासाठी ग्युंटर ब्लोबेल यांना १९९९ चं नोबेल मिळालं. केंद्रकाचा पत्ता इम्पोर्टिन हे वाहक प्रथिन वाचतं आणि माल आत नेतं. इथे ‘जीटीपीची ऊर्जा माल आत ढकलते’ हे वाक्य हमखास येतं, आणि ते चूक आहे. आत रान नावाचं प्रथिन जीटीपी (पेशीतला ऊर्जा साठवणारा रेणू) धरून उभं असतं. ते इम्पोर्टिनला चिकटलं की माल सुटतो. जीटीपी मोडतो तो नंतर, बाहेर पेशीद्रव्यात. आणि प्रत्येकाला इम्पोर्टिनच नेतं असंही नाही. ईआरके छिद्राच्या प्रथिनांना स्वतः धरूनही पलीकडे जातं.

एकदा आत गेलं म्हणजे काम संपलं नाही

टीजीएफ-बीटा हे निरोप्या प्रथिन त्वचेच्या पेशींची वाढ रोखतं आणि त्याचा निरोप स्मॅड प्रथिनं नेतात. ती आत जाऊन तिथेच राहत नाहीत. रिसेप्टरने त्यांच्यावर चढवलेलं फॉस्फेट आत उतरलं की बाहेर येतात, आणि रिसेप्टर अजून चालू असेल तर पुन्हा फॉस्फेट घेऊन आत जातात. रोजगार हमीची हजेरी जशी रोजच्या रोज लागते, तसंच हे. एकाच दिशेचा बाण काढला तर निरोप थांबतो कसा, हे तुम्हाला सांगताच येणार नाही. बाण दुहेरी काढा.

कोणती पेशी, ते आधी लिहा

पऱ्हाटी वेचून हात काळवंडतात, त्यात दोन पेशी असतात. उन्हाने केराटिनोसाइटचा (त्वचेच्या वरच्या थरातल्या मुख्य पेशीचा) डीएनए दुखावतो, तिथे पी-५३ हे डीएनएची इजा ओळखणारं प्रथिन जागं होतं आणि मेलॅनोसाइटसाठी (रंग बनवणाऱ्या पेशीसाठी) बाहेर एक संप्रेरक सोडलं जातं. मेलॅनोसाइटमध्ये पीकेए या एन्झाइमचा काम करणारा तुकडा केंद्रकात शिरतो आणि रंगाची जनुकं चालू होतात. तयार झालेला रंग परत केराटिनोसाइटकडे येतो आणि तिच्या केंद्रकावर, उन्हाच्या बाजूने, छत्रीसारखा पसरतो. मुलं हे सगळं एकाच पेशीत कोंबतात.

आणि आकृतीत अगदी वरच्या शिंगी थरात केंद्रक काढू नका. त्या पेशी मेलेल्या असतात आणि त्यांचं केंद्रक केव्हाच विरलेलं असतं. तिथे बाण नेला, तर त्याला शिरायला दारच नाही.