पत्ता पडताळणीचा निकाल कसा वाचावा

वार्षिक सभेच्या नोटिसा टपालात टाकण्यापूर्वी सभासदांची यादी पत्ता पडताळणीच्या सॉफ्टवेअरमधून काढली, की प्रत्येक पत्त्यासमोर ‘व्हेरिफाइड’ (पडताळलेला), ‘करेक्टेड’ (दुरुस्त केलेला), ‘पार्शियल’ (अंशतः जुळलेला) किंवा ‘अनव्हेरिफाइड’ (न पडताळलेला) अशा अर्थाचा शेरा उमटतो. हा शेरा पत्त्याबद्दल असतो, माणसाबद्दल नव्हे. सभासद घर सोडून गेला असला, तरी घर जागेवर असल्यामुळे पत्ता ‘व्हेरिफाइड’ दिसू शकतो.

शेऱ्यानंतर पडताळणी कोणत्या पातळीपर्यंत पोहोचली, ते पाहावे. कारण कधी केवळ पिनकोड जुळलेला असतो, कधी गल्ली, तर कधी थेट घर. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेल्या सहा अंकी पिनकोडचे पहिले तीन अंक टपालाचा वर्गीकरण जिल्हा आणि शेवटचे तीन अंक वाटप करणारे कार्यालय दाखवतात. कोल्हापूरचे पिनकोड ४१६ ने सुरू होतात, तसेच सांगलीचा ४१६४१६ आणि सावंतवाडीचा ४१६५१० हेही; म्हणजे पहिल्या तीन अंकांवरून गाव ठरत नाही. कोल्हापुरातील राजारामपुरीच्या ४१६००८ ऐवजी चुकून ४१६००४ टाइप झाला, तर तो शिवाजी विद्यापीठाचा खराखुरा पिनकोड असल्यामुळे, नुसता पिनकोड तपासणारे सॉफ्टवेअर काहीच हरकत घेणार नाही.

आपल्या कोल्हापूर शहरात सर्वाधिक काळजी घ्यावी लागते ती वॉर्डाची. इथल्या जुन्या पत्त्यांत सिटी सर्व्हे नंबर (शहराच्या भूमापनातील मिळकतीचा क्रमांक) आणि वॉर्ड यांची जोडी असते. नमुन्यादाखल ‘१२३४, ई वॉर्ड, शाहूपुरी ३ री गल्ली’ हा पत्ता घ्या. सॉफ्टवेअरला ‘ई वॉर्ड’ ओळखता आला नाही, तर ते तेवढाच भाग गाळून बाकीचा पत्ता ‘करेक्टेड’ म्हणून परत देते. अशी दुरुस्ती स्वीकारू नये, कारण तोच नंबर दुसऱ्या वॉर्डातही असू शकतो. एका यादीतील असे पत्ते आम्ही एकगठ्ठा मंजूर केले आणि कित्येक पाकिटे ‘अपुरा पत्ता’ असा शेरा घेऊन परत आली. तेव्हापासून मूळ पत्ता एका रकान्यात आणि दुरुस्त पत्ता शेजारच्या रकान्यात ठेवून, दोन्ही ताडून पाहिल्याशिवाय मी एकही बदल कायम करत नाही.

‘पार्शियल’ शेऱ्यात काय जुळले नाही, ते शोधावे. ताराबाई पार्कातील अपार्टमेंट सापडले आणि फ्लॅट नंबर तेवढा नसला, तर सभासदाला फोन करून तेवढाच विचारावा. एकापेक्षा अधिक पत्ते जुळल्याचे दिसले, तर आधी शहराचे नाव तपासावे. मंगळवार पेठ कोल्हापुरात आहे, तशीच पुण्यात आणि सोलापुरातही आहे.

‘अनव्हेरिफाइड’ पत्ता मात्र यादीतून काढून टाकू नये. उपनगरातील नवी कॉलनी सॉफ्टवेअरच्या माहितीसाठ्यात अजून आलेली नसते, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. अशा पत्त्यांचा वेगळा कागद करून तो त्या बीटच्या, म्हणजे टपाल वाटपाच्या त्या भागाच्या, पोस्टमनला दाखवावा आणि तो सांगेल ती जवळची खूण पत्त्यात लिहून घ्यावी.