चमकी कागदापेक्षा मायचं लुगडं

मी जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्यात शिवणकाम करते. दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस माझ्या मशीनखाली कातरणीचा ढीग साचतो, आणि भाऊबीज झाली की गल्लीत भेटींवरच्या चमकी कागदाचा. माझ्या कातरणीची उशी होते, पायपुसणं होतं. चमकी कागदाचं काहीच होत नाही. रद्दीवाला तो घेत नाही. आमच्या गल्लीत अजून पाणी तापवायचे बंब पेटतात, त्यांत तो गेला की सकाळभर डोळे चुरचुरतात. दुकानातला कागद घ्यायचाच असेल तर मुठीत घट्ट चुरगळून सोडा. चुरगळलेलाच राहिला तर साधा कागद. आपोआप उलगडायला लागला तर त्यात प्लॅस्टिकचा थर आहे, तो परत ठेवून द्या.

माझी भेट हल्ली फडक्यातच बांधलेली असते. सुरुवात मायच्या लुगड्यापासून झाली. सुती नऊवारी, विटकं हिरवं, विरायला आलेलं. बोहारणीला दिलं असतं तर एखादी स्टीलची वाटी आली असती. मी ते टेबलावर पसरलं. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरला थोडं कमी, पन्हा, म्हणजे रुंदी, ४५ इंच. २२ इंचांचे चौकोन पन्ह्यात दोन, लांबीत चौदा बसतात, म्हणजे हिशेबाने २८. प्रत्यक्षात निघाले १९, कारण बसायच्या जागी लुगडं आधी जातं. तो भाग उजेडासमोर धरून बघायचा. पलीकडचं दिसलं तर तो चौकोन पुसायच्या कपड्यात टाकायचा, भेटीवर नाही. काठाचे तुकडे मात्र जपून काढा, गाठीपाशी काठ आला की त्याच्यापुढे रिबीन फिकी. चारी बाजूंना पिको केला तर उत्तम. मशीन नसेल तर कडा दोनदा दुमडून हाताने टीप घाला. तशीच ठेवली तर दोन वेळा धुतल्यावर दशा निघतात.

माप सोपं आहे. फडक्याचं तिरकं माप, म्हणजे एका टोकापासून समोरच्या टोकापर्यंतचं, डब्याच्या लांबीच्या तिप्पट हवं. २२ इंचांच्या फडक्यात मिठाईचा ९-१० इंचांचा चपटा डबा नीट बसतो. उंच डब्याला मोठं फडकं लागतं.

आता बांधायचं कसं. फडकं शंकरपाळीसारखं ठेवा, एक टोक आपल्या पोटाकडे. डबा मधोमध. पोटाकडचं टोक डब्यावर टाकून पलीकडे खोचा. समोरचं टोक आपल्याकडे ओढून घ्या आणि उरलेला भाग आत दुमडा. राहिलेली दोन टोकं वर आणून गाठ मारा.

खरी कसब या गाठीत आहे, आणि दहातल्या आठ बायका ती उलटी मारतात. पहिल्यांदा उजवं टोक डाव्यावरून गेलं असेल, तर दुसऱ्यांदा डावं उजव्यावरून गेलं पाहिजे. मारून झाल्यावर गाठीचे कान, म्हणजे सुटी टोकं बघा. ससा झोपल्यासारखे आडवे पडले तर गाठ बरोबर. एक वर, एक खाली असे उभे राहिले तर उलटी, ती एक तर सुटते नाहीतर आवळून बसते. बरोबर गाठ सोडायला दात लागत नाहीत. एक कान आणि त्याच बाजूचं गाठीखालचं कापड, दोन्ही धरून विरुद्ध दिशांना सरळ ओढा. दुसरं टोक अख्खंच्या अख्खं सरकून बाहेर येतं. घरी चार वेळा करून बघा, पाचव्यांदा हात आपोआप करतो.

त्या दिवाळीला पहिला डबा मायलाच दिला. तिने बेसनाच्या लाडवांकडे बघितलंच नाही. फडक्याचा काठ अंगठ्याने चोळत म्हणाली, "माय व, हाई ते मनं लुगडं शे!" म्हणजे, हे तर माझं लुगडं. आता तिचं चष्म्याचं घर, गोळ्या, पासबुक, सगळं त्यात असतं.

लुगडं नसेल तर ब्लाऊज पीस आहेतच. ओटीत आलेला, न शिवलेला, या घरून त्या घरी फिरणारा ब्लाऊज पीस कोणाच्या कपाटात नाही? तो सुताचा असेल तर साडी त्यात गुंडाळून द्या. निदान एकदा तरी तो कामाला येईल. टेरिकॉटचा घेऊ नका, गाठ घसरते.

मुलांना कागद फाडायचीच मजा असते, त्यांना फडकं देऊन रुसवू नये. त्यांच्यासाठी मी कपडे बेतायचा खाकी कागद वापरते. भेंडी देठाकडून आडवी कापा, फूल तयार. गेरूत बुडवून कागदावर ठसे मारा. गेरू घट्ट कालवा, पातळ झाला तर फुलाचा नुसता डाग होतो. चिकटपट्टीऐवजी खळ: एक चमचा मैदा, पाच चमचे पाणी, गुठळ्या थंड पाण्यातच मोडायच्या, मग मंद आचेवर काचेसारखी दिसेपर्यंत ढवळायची. चिमूटभर तुरटी घातली तर दोन-तीन दिवस टिकते. जास्त लावली तर कागद सुरकुततो.

दोरीसाठी आपल्याकडे केळीएवढं दुसरं काय आहे? रावेर-यावलपासून चोपड्यापर्यंत केळीच केळी, २०१६ साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकनही मिळालं. केळीचं झाड एकदाच घड देतं, मग खांब शेतातच पडतो. त्याचं वाळून तपकिरी झालेलं सोपट, म्हणजे खांबाची साल, कोणीही हसत देईल. बोटभर रुंद पट्ट्या फाडा, पंधरा मिनिटं पाण्यात ठेवा, फडक्याने टिपून बांधा. वाळताना आवळून बसतात. पण सोपट पूर्ण वाळलेलंच हवं. मी एकदा घाईत अर्धवट ओलं वापरलं. नणंदेच्या मिस्टरांचा पांढरा शर्ट नुसत्या कागदात होता, चीक आत झिरपला आणि खिशावर तपकिरी डाग पडला. केळीच्या चिकाचा डाग लिंबाने जात नाही, साबणाने जात नाही, कशाने जात नाही. तो शर्ट ते शेतात घालतात आणि मला दिसेल असा घालतात.

फराळ वर्तमानपत्रात बांधू नका. तेल शाई ओढून घेतं आणि ती चकलीला लागते. स्टीलच्या डब्यात द्या. डबा परत यायची खात्री नसेल तर बांबूची टोपली घ्या, आत पळसाची पत्रावळ. तळलेलं पूर्ण गार झाल्यावरच भरा, नाहीतर वाफेने सगळं मऊ पडतं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेराहून निघताना लेकींना डांगर (खरबूज) देतात, ते बांधायची तऱ्हा वेगळी. फडकं मोठं, निदान ३५ इंचांचं. शेजारशेजारची दोन टोकं एकत्र गाठायची, पलीकडची दोन तशीच. दोन कमानी होतात. एक कमान दुसरीतून ओढून काढली की तीच मूठ. एस.टी.त मांडीवर धरता येतं, घरंगळत नाही. गेल्या आखाजीला भाची असंच डांगर घेऊन धुळ्याला गेली. महिन्याने फडकं परत आलं, त्यात बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, बांधलेले. गाठ उलटी होती, कात्रीच्या टोकाने सोडवावी लागली.