अणुरचना आणि किरणोत्सार: हातचे गुण घालवणाऱ्या या चुका टाळा

लातुरात खोली करून राहिलेली लेकरं असोत की उदगीर-कंधारच्या कॉलेजातली, हा धडा सगळ्यांना सोपा वाटतो आणि हातचे गुण इथंच जातात. पाठांतर कमी पडत नाही. बदल केंद्रकात झाला की बाहेरच्या इलेक्ट्रॉनांत, हे आधी ठरवलं जात नाही, म्हणून पुढचं सगळं चुकतं.

सोडियमचा एक इलेक्ट्रॉन गेला की उरतात १०, निऑनइतकेच. तरी तो निऑन होत नाही. प्रोटॉन ११ आहेत तोवर तो सोडियमच.

सर्वांत जास्त गुण खातो तो बीटा कण. बीटा म्हणजे इलेक्ट्रॉन, म्हणजे कक्षेतला एक कमी झाला, असं धरून मुलं अणुअंक (प्रोटॉनांची संख्या) तसाच ठेवतात, नाहीतर एकने कमी करतात. हा इलेक्ट्रॉन केंद्रकातून येतो, पण तिथं आधीपासून बसलेला नसतो. न्यूट्रॉनचा प्रोटॉन होताना तो तयार होतो. त्यामुळे अणुअंक एकने वाढतो आणि अणुवस्तुमानांक (प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून) बदलत नाही.

नेहमीचं गणित घ्या: युरेनियम-२३८ पासून शिसे-२०६ होताना अल्फा किती, बीटा किती? वहीत बहुतेक वेळा दिसतं ते असं: ९२ वजा ८२ बरोबर १०, भागिले २, म्हणून ५ अल्फा. इथंच थांबा. अणुअंकाला अल्फा आणि बीटा दोन्ही हात लावतात. वस्तुमानांकाला फक्त अल्फा: एक अल्फा बाहेर पडला की वस्तुमानांक ४ ने आणि अणुअंक २ ने उतरतो. म्हणून सुरुवात वस्तुमानांकापासून करा. २३८ वजा २०६ म्हणजे ३२, भागिले ४, अल्फा ८. आठ अल्फांनी अणुअंक १६ ने उतरून ७६ वर येतो. शिशाचा ८२ आहे, म्हणजे बीटा ६. हा क्रम एकदा हाताला बसला की अशा प्रश्नाला मिनिटही लागत नाही.

अर्धायुकालात, म्हणजे निम्मं द्रव्य विघटित व्हायला लागणाऱ्या काळात, दोन चुका. आयोडीन-१३१ चा अर्धायुकाल ८ दिवसांचा, म्हणून १६ दिवसांत सगळं संपलं, असं नसतं. ८० ग्रॅमचे ४०, मग २०, मग १०. २४ दिवसांनी १० ग्रॅम शिल्लक आणि ७० ग्रॅमचं विघटन. प्रश्नात ‘शिल्लक’ विचारलंय की ‘विघटित’, त्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ ओढाच. दुसरी चूक रसायनशास्त्रातून येते: तापमान वाढवलं की अभिक्रियेचा वेग वाढतो, तोच नियम इथं लावतात. तिथं इलेक्ट्रॉनांची देवघेव असते. केंद्रकाला भट्टीतल्या उष्णतेचा फरक पडत नाही.

क्लोरीनचं अणुवस्तुमान ३५.५ ही सरासरी आहे. तसा एकही अणू नसतो. ३५ आणि ३७ चे साधारण तीनास एक या प्रमाणात असतात.

एक गैरसमज मात्र पेपरापुरता नाही, आणि तो मला फार लागतो. संभाजीनगरहून कॅन्सरचा शेक (किरणोपचार) घेऊन आलेल्या माणसाचं ताट-तांब्या काही घरांत वेगळं ठेवतात. शेकाच्या मशीनमधल्या कोबाल्ट-६० चे गॅमा किरण पेशींतल्या अणूंचे इलेक्ट्रॉन उडवतात. केंद्रकं बदलण्याइतकी ऊर्जा त्यांच्यात नसते. मशीनने बाहेरून शेक दिला तर रुग्ण किरणोत्सारी होत नाही. त्याच्याजवळ बसा, त्याच्यासोबत जेवा. थायरॉइडसाठी आयोडीन-१३१ पोटातून दिलं असेल तर गोष्ट वेगळी: तिथं किरणोत्सारी द्रव्यच शरीरात असतं, म्हणून डॉक्टर सांगतील तितके दिवस लहान मुलं आणि गरोदर बायांपासून अंतर ठेवायचं.