कोर्टानं भेट दिली, पण लेकरू आणलंच नाही: अशा वेळी बापानं काय करायचं

पहिल्यांदा मुलीला भेटीसाठी आणलंच नाही तेव्हा मी पाच वाजेपर्यंत कोर्टातल्या बाकावर बसून राहिलो आणि मग परतीची गाडी पकडली. कुणाला काही सांगितलं नाही, कुठं काही लिहून ठेवलं नाही. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा तारखेला न्यायाधीशांनी विचारलं, "भेटी सुरू आहेत ना?" समोरच्या वकिलांनी "हो" म्हटलं. माझ्याकडं त्या दोन शनिवारांचा एकही कागद नव्हता.

मी चाकणला मशीन शॉपमध्ये काम करतो. मुलगी सोलापुरात तिच्या आईकडं असते. भेटीचा आदेश झाला तेव्हा ती पावणेसहा वर्षांची होती, आता दहा पूर्ण झाली. मधल्या काळात जे शिकलो ते इथं लिहितोय, कारण आमच्या कोर्टाच्या आवारात दर शनिवारी हातात खाऊची पिशवी घेऊन बसलेले बाप मी बघतो. त्यातले निम्मे तरी तीच चूक करत असतात. प्रत्येक चुकलेल्या भेटीचा आठवड्याच्या आत कागद झाला पाहिजे. तो झाला नाही, तर कोर्टाच्या लेखी ती भेट चुकलेलीच नसते.

पण त्याआधी हातातला आदेश नीट वाचा.

समुपदेशकांसमोर तडजोड झाली तेव्हा मी घाईनं पुरशिसवर, म्हणजे कोर्टात द्यायच्या लेखी निवेदनावर, सही केली. त्यात लिहिलं होतं, "वडिलांना महिन्यातून दोनदा, उभयतांच्या सोयीनुसार मुलीला भेटता येईल." चार महिने सोय झालीच नाही. वकील म्हणाले, "यात मोडलं काय म्हणून दाखवायचं? वार नाही, वेळ नाही, जागा नाही." खरंच होतं ते. असा आदेश अमलात आणायला गेलं की हाताला काहीच लागत नाही. तुमचा आदेश असा मोघम असेल तर भांडण करण्याआधी त्याच प्रकरणात अर्ज देऊन तो दुरुस्त करून घ्या.

त्यात काय काय हवं? कोणता शनिवार, किती ते किती, नेमकी जागा, मुलाला कोण आणून सोडणार आणि कोण परत नेणार. मूल आजारी असेल तर किती तास आधी कळवायचं, डॉक्टरांचा दाखला द्यायचा का, आणि चुकलेली भेट कोणत्या दिवशी भरून द्यायची. सण स्वतंत्र लिहून घ्या. दिवाळी, वाढदिवस, गणपती, आणि गावाचं जे काही मोठं असेल ते. सोलापुरात जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा असते. पहिल्या वर्षी तो शनिवार यात्रेच्या नावाखाली गेला, म्हणून पुढच्या आदेशात मी गड्ड्याचा एक दिवस नावानिशी घालून घेतला. भेट कोर्टाच्या बालकक्षात (मुलांच्या भेटीसाठीच्या खोलीत) मागत असाल तर पहिला आणि तिसरा शनिवार मागा. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी आपली जिल्ह्याची कोर्टं बंद असतात, त्यामुळं तिथली व्यवस्था काय हे विचारल्याशिवाय ते दिवस स्वीकारू नका.

फोनचंही मागा. २०२० च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आला, न्यायमूर्ती दीपक गुप्ता यांनी लिहिलेला. आईवडील दोघांचं प्रेम आणि सहवास मिळणं हा मुलाचा मूलभूत मानवी हक्क आहे, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. ज्या पालकाकडं ताबा नाही त्याला रोज पाच-दहा मिनिटं मुलाशी बोलता यावं, असंही त्यात आहे. मला बुधवारी साडेसातला पंधरा मिनिटांचा व्हिडिओ कॉल मिळाला. अर्जात हक्क मुलाचा म्हणून मांडा. "माझा हक्क, माझा हक्क" असं लिहिलेल्या अर्जापेक्षा तो अर्ज वेगळ्या नजरेनं वाचला जातो. आणि खरं तर हक्क तिचाच असतो.

आदेश झाला की त्याच आठवड्यात नक्कल विभागात अर्ज देऊन प्रमाणित प्रत काढा. प्रकरणाचा सीएनआर क्रमांक, म्हणजे अक्षरं आणि अंक मिळून सोळा चिन्हांचा ओळख क्रमांक, लिहून ठेवा. ई-कोर्ट्सच्या ॲपवर तो टाकला की पुढची तारीख घरबसल्या दिसते.

आता तो शनिवार.

पंधरा मिनिटं आधी पोचा. बालकक्षात नोंदवही असेल तर वेळ टाकून सही करा. मूल आलं नाही तर अर्ध्या तासानं एक संदेश पाठवा, एकच. माझा असा असायचा: "आज दि. ... रोजी दुपारी २ वाजल्यापासून आदेशाप्रमाणे मी बालकक्षात आहे. मुलगी आलेली नाही. ५ पर्यंत थांबतो. काही अडचण असल्यास कळवावे." टोमणा नाही, उद्गारचिन्ह नाही, "तू नेहमीच असं करतेस" नाही. हा संदेश उद्या न्यायाधीश वाचणार आहेत असं समजूनच लिहायचा. आणि खरोखर पाचपर्यंत थांबायचं. साडेतीनला निघून गेलात आणि पावणेचारला मूल आलं, तर गैरहजर तुम्ही. समुपदेशक जागेवर असतील तर त्यांना भेटून तोंडी सांगा आणि त्यांनी नोंद केली का ते बघा. तिकीट जपून ठेवा. माझी पुणे–सोलापूरची सगळी तिकिटं एका फाइलीत आहेत.

घरी जाऊ नका. हे मी हात जोडून सांगतो. दारात उभं राहून हाक मारावीशी वाटते, शेजाऱ्यांसमोर जाब विचारावासा वाटतो. त्या पाच मिनिटांत मुलाला जे दिसतं ते वर्षभर पुसलं जात नाही, आणि समोरच्या बाजूला तक्रारीचं कारण आयतं मिळतं. चार नातेवाईक घेऊन जाणं तर त्याहून वाईट. शाळेच्या फाटकावरून मूल परस्पर नेणं, किंवा भेटीची वेळ संपल्यावर परत न देणं, यानं आदेश मोडणारे तुम्ही ठरता. पोलिसांकडून फार अपेक्षा ठेवू नका. दिवाणी आदेश राबवणं त्यांचं काम नाही, असंच उत्तर मिळेल. आदेशातच पोलिसांच्या मदतीचा उल्लेख असेल तर गोष्ट निराळी.

रात्री घरी आलो की मी वहीत पाच रकाने भरतो: तारीख, वेळ, जागा, काय कारण सांगितलं, पुरावा काय. सतरा तारखांपैकी अकरा चुकल्या होत्या. हे मी तोंडानं सांगत होतो तेव्हा ती बापाची कैफियत होती. एका पानावर तक्ता झाला तेव्हा न्यायाधीशांनी तो दोनदा वाचला आणि समोरच्यांना म्हणणं, म्हणजे लेखी उत्तर, द्यायला सांगितलं.

अर्ज कुठं द्यायचा हे आदेश कुणी दिलाय त्यावर ठरतं. प्रकरण अजून चालू असेल आणि भेटीचा आदेश अंतरिम (निकालापुरता तात्पुरता) असेल, तर त्याच प्रकरणात, त्याच कोर्टात शपथपत्रासह अर्ज. अंतिम निकाल झाला असेल तर दरखास्त, म्हणजे तो अमलात आणण्यासाठीचा अर्ज. कौटुंबिक न्यायालय कायदा १९८४, त्याच्या कलम १८ प्रमाणे या कोर्टाचा आदेश दिवाणी हुकूमनाम्यासारखाच अमलात आणता येतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१, नियम ३२ खाली मालमत्ता जप्ती आणि दिवाणी कैदेपर्यंत तरतूद आहे. आणि भेटीचा आदेश कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यातल्या कलम २१ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांनी दिला असेल, तर त्यांच्याचकडं जायचं.

विनंतीच्या परिच्छेदात काय मागता याला फार महत्त्व आहे. पहिल्याच अर्जात "आईला तुरुंगात टाका" असं लिहू नका. माझ्या पहिल्या मसुद्यात तसंच होतं. वकिलांनी ते खोडलं आणि विचारलं, "तुम्हाला मुलगी हवीय की शिक्षा?" आम्ही मागितलं ते असं: चुकलेल्या अकरा भेटींच्या बदल्यात लागोपाठचे शनिवार, प्रवासाचा खर्च, समुपदेशकांचा अहवाल, आणि पुढं विनाकारण भेट चुकली तर त्याची दखल ताब्याच्या मुद्द्यावर घेतली जाईल अशी आदेशात नोंद. सहा शनिवार लागोपाठ मिळाले. खर्च मिळाला नाही. पण ती नोंद झाली, आणि माझा अनुभव असा की जप्तीच्या धाकापेक्षा त्या एका ओळीनं जास्त काम केलं. ताब्याचा कोणताही आदेश कायमचा नसतो, परिस्थिती बदलली की तो बदलता येतो, हे सर्वोच्च न्यायालयानं १९७३ सालीच सांगून ठेवलंय. समोरच्या वकिलांनाही ते ठाऊक असतं.

अवमान याचिकेबद्दल, म्हणजे कोर्टाचा आदेश मुद्दाम मोडल्याच्या तक्रारीबद्दल, सगळे विचारतात. ती उच्च न्यायालयात जाते, १९७१ चा कायदा आहे, आणि अवमान घडल्यापासून एक वर्षाच्या आत हालचाल करावी लागते. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ती वाट शेवटची ठेवा. आईला नोटीस गेली की घरात काय वातावरण होतं ते मुलगी भोगते.

पोटगीचं सांगायला मला जड जातं. सलग चार भेटी चुकल्यावर मी दोन महिने पैसे थांबवले. "लेक दाखवत नाहीत तर पैसे कशाला," असं घरात सगळेच म्हणत होते आणि मलाही पटलं. पोटगी आणि भेट या कायद्यानं दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थकलेल्या पोटगीसाठी वॉरंट निघू शकतं, कैद होऊ शकते. पूर्वीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १४४. पण त्याहून मला लागलं ते वेगळंच. त्या दोन महिन्यांत मुलीची सहलीची फी भरायची राहिली आणि ती सहलीला गेली नाही. तिच्या लेखी ते बाबांमुळं झालं, आणि ते खरं होतं. पैसे दर महिन्याला बँकेतूनच भरा, रोख देऊ नका, आणि एकही महिना चुकवू नका.

कधी कधी मूल आणलं जातं, पण तेच म्हणतं, "मला नाही भेटायचं." माझ्या मुलीनं सातव्या वर्षी असं म्हटलं. त्या दिवशी मी आवाज चढवला असता तर सगळं संपलं असतं. मूल का नको म्हणतं याची कारणं अनेक असतात: शिकवलेलं असतं, घाबरलेलं असतं, आईला वाईट वाटेल अशी धास्ती असते, आणि कधी आपण स्वतःच मागं काही तरी चुकीचं केलेलं असतं. ते शेवटचं कारण तपासायला बापानं कमीपणा मानू नये. एका पालकानं मुलाचं मन दुसऱ्याविरुद्ध वळवणं यावर सर्वोच्च न्यायालयानं २०१७ च्या एका निकालात लिहिलंय. त्या प्रकरणात मूल वडिलांकडं होतं आणि ताब्यासाठी झगडत होती ती आई. म्हणजे हे दुःख दोन्ही बाजूंना येतं. अशा वेळी जबरदस्तीची मागणी करू नका. समुपदेशकांसमोर अर्ध्या तासाच्या भेटी, मग एक तास, मग तीन, अशी चढती मागणी करा. न्यायाधीशांनी मुलाशी चेंबरमध्ये एकट्यानं बोलावं अशी विनंतीही करता येते.

भेट झाली तर त्या वेळात केसबद्दल एक अक्षर नको. "आई काय म्हणते?" हा प्रश्न नको. महागडं खेळणंही नको, कारण त्यावरून घरी गेल्यावर तिलाच ऐकावं लागतं. मी पत्त्यांचा कॅट नेतो, दोन गोष्टींची पुस्तकं नेतो आणि आजीनं केलेले शेंगदाण्याचे लाडू नेतो. पहिल्या तीन भेटींत ती फक्त लाडू खाऊन गेली, बोलली नाही. चौथ्या भेटीत तिनंच पत्ते वाटले.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, १५१०० वर फोन करा. उत्पन्नाच्या मर्यादेत बसलात तर वकील मोफत मिळतो. कौटुंबिक न्यायालयात स्वतः उभं राहून बोलायलाही घाबरू नका. तिथं वकील हा हक्क नाही, परवानगीनं येतो. पक्षकारानं स्वतः बोलावं अशीच मूळ कल्पना आहे. तरी कलमांचा अर्ज देण्याआधी तो एकदा वकिलाच्या नजरेखालून घाला.

आणि उन्हाळ्याच्या सुट्टीचा अर्ज मेमध्ये देऊ नका. मेमध्ये कोर्टालाही सुट्टी लागते. म्हणणं यायला, तारीख पडायला वेळ जातो आणि जून उजाडतो. माझे दोन उन्हाळे असे गेले. गुढीपाडव्याच्या आसपास, जमलं तर त्याआधीच अर्ज दाखल करा, कोणत्या तारखेला कुठून नेणार आणि कुठं परत आणून सोडणार हे सगळं लिहून. यंदा मी तो मार्चच्या पहिल्या आठवड्यात दिला. सात दिवस मिळाले, साताऱ्याला आजीकडं. अर्जासोबत मी एक पान जोडलं होतं: घरात कोण कोण असेल, ती कुठं झोपेल, तिला डाळिंबाची ॲलर्जी आहे हे आम्हाला माहीत आहे, आणि रोज संध्याकाळी आठ वाजता ती आईशी फोनवर बोलेल. समोरून त्या अर्जाला हरकत आली नाही.