आजीला घेऊन पावागढ: बडोद्याहून एका दिवसात कसं जाऊन यावं

कालिकामातेचा डोंगर पावागढ, बडोद्याहून जेमतेम पन्नास किलोमीटर. एवढंसं अंतर, म्हणून "सावकाश निघू" म्हणत घरातून नऊला बाहेर पडायचं आणि माचीवर, म्हणजे डोंगरात जिथून रोपवे सुटतो तिथल्या रांगेत, उन्हाचं ताटकळत बसायचं, हा पराक्रम आम्ही एकदा केलाय. नवरात्र नुकतंच संपलेलं, त्यात रविवार, सोबत सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई आणि दर पाच मिनिटांनी "किती राहिलं?" विचारणारी दोन पोरं. अडीच तासांनी पाळण्यात बसलो तेव्हा दशम्या रांगेतच संपल्या होत्या. त्या दिवशी कळलं, की पावागढला वेळ रस्त्यात जात नाही, शेवटच्या किलोमीटरला जातो. रांगेत किती वेळ जाईल ते आधी धरायचं आणि तिथून मागे मोजत घरातून निघायची वेळ काढायची.

दिवस कोणता धरावा

आश्विन आणि चैत्र या दोन्ही नवरात्रांत म्हातारी माणसं आणि लहान मुलं घेऊन जाऊ नये, हे माझं स्पष्ट मत. देवी रागावत नाही. पौर्णिमा आणि रविवारही टाळा. दिवाळीनंतर गर्दी ओसरली की फेब्रुवारीपर्यंतचा एखादा साधा बुधवार-गुरुवार सगळ्यात बरा. मुलांची एक दिवस शाळा बुडते, बुडू द्यावी.

पावसाळ्यात डोंगर हिरवागार होतो, ढग पायाखाली येतात, फोटो छान निघतात. पण पायऱ्या निसरड्या होतात, आणि वारा सुटला की रोपवे थांबवतात. वर्षातून काही दिवस तो देखभालीसाठीही बंद असतो. त्यामुळे निघायच्या आदल्या दिवशी रोपवे चालू आहे ना, एवढं फोनवर विचारून घ्या. गुडघे दुखणारं माणूस बरोबर असेल तर सगळी सहल या एका उत्तरावर उभी आहे.

आदल्या रात्री

डब्यात दशम्या, मेथीचे थेपले, शेंगदाण्याची कोरडी चटणी आणि तिखट-मिठाच्या पुऱ्या. रस्सा, कोशिंबीर, दही यांना घरीच राहू द्या. पाणी माणशी एक बाटली. आजींसाठी जुने सुती मोजे एक जोड घ्यायला विसरू नका. चपला काढल्यावर दुपारची फरशी पायाला चटका देते आणि मग दर्शन सोडून लक्ष तळपायाकडे.

ओटीचं सामान मात्र घरूनच न्यावं. वाटेवरच्या प्रत्येक दुकानातून "बेन, चुंदडी लई जाव" अशी हाक येते. लाल, जरीच्या काठाची चुनरी तिथं भरपूर मिळते, आपल्याला हवा तसा खण मिळेलच असं नाही. सासूबाई खणाची त्रिकोणी घडी घालतात, तीत मूठभर तांदूळ, हळकुंड, सुपारी, वर नारळ, आणि ते सगळं एका कापडी पिशवीत तोंड बांधून. नारळ शेंडीसकट, अख्खा. सोललेला नारळ न्यायला २०२३ पासून मंदिरात मनाई आहे. अख्खा नारळ चढवायचा आणि प्रसाद म्हणून घरी आणायचा. गुजराती शेजारणींना हा नियम सुरुवातीला जड गेला. आपल्या ओटीत शेंडीचाच नारळ लागतो, त्यामुळे आपलं काही अडत नाही.

पहाटे निघा

सहाच्या आत गाडी घराबाहेर. हालोलचा रस्ता चांगला आहे, तासाभरात तळेटी, म्हणजे डोंगराचा पायथा, येते. एसटीने जायचं तर स्टेशनजवळच्या डेपोतून पावागढच्या बस मिळतात. तळेटीपासून माचीपर्यंत वळणावळणाचा घाट आहे. गाडी लागणाऱ्या मुलाला पुढे बसवा आणि चहा-दूध माचीवर पोचल्यावरच द्या. गर्दीच्या दिवशी खासगी गाड्या खालीच अडवतात आणि एसटीच्या फेऱ्यांनी वर नेतात. आडवारी जायला सांगतेय त्याचं हे आणखी एक कारण.

वाटेत मुलांना एक गोष्ट जरूर सांगा. आपल्या बडोद्यातल्या कमाटीबागेजवळून, काळाघोड्याच्या पुलाखालून वाहणारी मगरींची विश्वामित्री याच डोंगरातून निघते. माझ्या मुलाने यावर पहिला प्रश्न विचारला, "मग मगरी पण वरून येतात का?" नाही येत. पण प्रश्न वाईट नव्हता.

माची ते मंदिर

माचीवर पोचलात की आधी रोपवेचं तिकीट, मग चहा. हा क्रम उलटा करू नका. धडधाकट मंडळींना पायऱ्यांनी जायचं असेल तर जरूर जा, वाट चांगली बांधलेली आहे, दोन्ही बाजूंना दुकानं आहेत. पण मग वर कुठे भेटायचं ते आधी ठरवा. पाळणा काही मिनिटांत वर पोचवतो, चढणाऱ्यांना तासभर तरी धरा.

रांगेत मुलं कंटाळली की इथल्या जुन्या राजाची, पताई रावळाची दंतकथा काढावी. नवरात्रात देवी बाईच्या रूपात गरबा खेळायला उतरली, राजाने तिचा पदर धरला, तिने शाप दिला आणि राज्य गेलं. राज्य गेलं हे खरंच: १४८४ मध्ये गुजरातचा सुलतान महमूद बेगड्याने हा गड जिंकला आणि पायथ्याच्या चांपानेरला राजधानी थाटली. मोठ्यांसाठी आणखी एक. बडोदा गायकवाडांचं, पण पावागढ आणि पंचमहाल शिंद्यांचे. १८६१ साली तो मुलूख शिंद्यांकडून इंग्रजांकडे गेला. आमच्याकडे ग्वाल्हेरचे पाहुणे आले की हा विषय निघतोच आणि मग चहा गार होतो.

आता आजींना आधीच सांगून ठेवायची गोष्ट: रोपवे थेट देवळाच्या दारात सोडत नाही. उतरल्यावर दुधिया तलावाच्या बाजूने पुढे काही शे पायऱ्या उरतातच. इथं घाई करू नये. आम्ही वीस पायऱ्या आणि एक बसकण असा हिशेब ठेवतो. पायऱ्या मोजायचं काम धाकटीकडे. ती मध्येच चुकते, पुन्हा एकपासून धरते, तेवढीच आजींना विश्रांती.

वानरांकडे लक्ष असू द्या. प्लॅस्टिकची पिशवी हातात लोंबकळत दिसली की ती गेलीच. आमची एक पिशवी गेली तीत नुसते केळ्याचे वेफर होते म्हणून बरं. वानराने ती समोरच्या कठड्यावर बसून फाडली आणि आमच्याकडे बघत बघत एकेक वेफर खाल्ला. ओटीची पिशवी कापडी आणि पदराखाली, ती यासाठी.

गाभाऱ्यासमोर

मंदिर आता प्रशस्त झालं आहे. नव्या शिखरावर जून २०२२ मध्ये ध्वज चढला. गाभाऱ्यात मधोमध कालिकेचा लाल मुखवटा, तिच्या उजवीकडे महाकाली आणि डावीकडे बहुचरा माता. समोर उभं राहायला क्षणभरच मिळतं, म्हणून काय बघायचं ते मुलांना रांगेतच सांगून ठेवा, नाहीतर पुढच्याच्या पाठीचं दर्शन होतं. ओटी हातात तयार हवी. पिशवीची गाठ दारातच सोडा, तिथं पोचल्यावर सोडायला गेलात तर मागची रांग तुम्हाला सोडत नाही.

दर्शन झालं की लगेच खाली पळू नका. कठड्याशी दहा मिनिटं बसा. हवा स्वच्छ असेल तर अख्खं पठार नकाशासारखं खाली पसरलेलं दिसतं.

उतरल्यावर

अकरापर्यंत माचीवर परत आलात तर चांपानेर बघायला वेळ राहतो. २००४ पासून हा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. सगळं बघायला गेलात तर कुटुंबात भांडण होईल. जामी मशीद एकच बघा, पण नीट बघा: दोन उंच मिनार, खांबांची दाटी आणि आतला गारवा. आजी सावलीत बसतात, मुलं खांब मोजतात. मग बाहेर पुरातत्त्व खात्याचं आवार सोडून एखादं झाड गाठायचं आणि डबे उघडायचे. जमलं तर हालोलकडे परतताना रस्त्यालगतची गोल पायऱ्यांची वाव, म्हणजे पायविहीर, पाच मिनिटं थांबून बघा.

तीन-साडेतीनला घरी. गाडीतून उतरताना मागच्या सीटखाली नारळ घरंगळून राहिलेला नाही ना, तेवढं बघा. आमच्या सासूबाई तो त्याच संध्याकाळी फोडत नाहीत. रात्रभर देवापुढे ठेवतात, सकाळी खवून वड्या करतात, आणि पहिली ताटली समोरच्या गुजराती काकींकडे जाते.